पाच व्हायरस, दोन मिनिटं, एक फोन नंबर

खरा व्हायरस संगणकात शिरतो तो गुपचूप. आपण आलोय हे कुणाला कळू नये, एवढीच त्याची धडपड असते. पासवर्ड चोरील, फायली कुरतडील, पण दारावरची बेल वाजवणार नाही. खंडणी मागणारा रॅन्समवेअर तेवढा तोंड उघडतो, तेही सगळं कुलूपबंद करून झाल्यावर. खोटा व्हायरस मात्र वाजतगाजत येतो. पडदा लाल होतो, मध्यभागी पिवळा त्रिकोण उगवतो, स्पीकरमधून भोंगा सुरू होतो आणि एक बाई करड्या आवाजात बजावते, की तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, संगणक बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. कोपऱ्यात दोन मिनिटांचं उलटं घड्याळ पळत असतं. ती दोन मिनिटं संपल्यावर काय होतं हे बघायला फारच थोडे लोक थांबतात. काहीच होत नाही. बाई तेच वाक्य पुन्हा म्हणते.

या इशाऱ्याची पहिली गंमत म्हणजे त्याचा वेग. खरा अँटिव्हायरस लाखभर फायली तपासायला तासन्‌तास घेतो. मधेच नव्याण्णव टक्क्यांवर रुसून बसतो. खोटा इशारा तेच काम सात-आठ सेकंदांत उरकतो, कारण तो काहीच तपासत नाही. ब्राउझरमध्ये उघडलेल्या साध्या पानाला आपल्या हार्ड डिस्कमध्ये डोकावून फायली चाळण्याची मुभा नसते. हिरवी पट्टी सरकते, फायलींची नावं भराभर पळतात, लाल आकडा वाढत जातो. ते सगळं चलतचित्र असतं. २००८-०९च्या सुमारास हा खेळ भरात होता. तेव्हा मॅक वापरणाऱ्यांच्या पडद्यावरही विंडोज एक्सपीची खिडकी उघडायची आणि त्यांच्या सी ड्राइव्हमध्ये भयंकर जंतू सापडल्याचं सांगायची. मॅकला सी ड्राइव्ह नसतो. ज्याला पाय नाहीत त्याच्या गुडघ्याची वाटी सरकल्याचं निदान झालं होतं.

मॅकवाले हसले. मग मे २०११मध्ये खास त्यांच्यासाठी ‘मॅक डिफेंडर’ नावाचा खोटा अँटिव्हायरस आला आणि हसू थांबलं. संगणक आजारी असल्याची मालकाची खात्री पटावी, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने अश्लील संकेतस्थळं आपोआप उघडायचा. दिवाणखान्यात, चारचौघांत, सासूबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या असताना असं पान उघडलं, तर माणूस पैसे भरण्याआधी किंमत विचारत नाही.

ही कला आपल्याकडे नवी नाही. ‘तुमच्या घरावर कुणीतरी करणी केलीय’ असं सांगणारा बाबा आधी उंबऱ्याखाली लिंबू पुरतो, मग तेच उकरून दाखवतो आणि उताऱ्याचे पैसे घेतो. महाराष्ट्रात अशा बाबांसाठी २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. लॅपटॉपमधला बाबा मात्र बाहेरगावचा असतो, आणि त्याचा उतारा क्रेडिट कार्डावर चालतो.

या धंद्याचा खराखुरा कारखाना होता. ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ नावाच्या कंपनीची नोंदणी मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये होती आणि कामकाज युक्रेनच्या कीव्ह शहरात चालायचं. ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’, ‘ड्राइव्ह क्लीनर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ ही तिची बाळं. ग्राहकांच्या सोयीसाठी कॉल सेंटरही होतं. पैसे भरूनही संगणक रडतोय अशी तक्रार आली, की तिथला माणूस गोड बोलून समजूत घालायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८मध्ये या मंडळींना कोर्टात खेचलं. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचा आरोप होता. २०१२मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा भरणा करण्याचा हुकूम दिला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या संशोधकांना अशाच तीन टोळ्यांचे सर्व्हर तपासायला मिळाले. २०११मध्ये त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर निघाली. त्यांच्या वहीखात्यात ‘परतावा’ असाही एक रकाना होता. चोर पैसे परत करायचे! त्यामागे पश्चात्ताप नव्हता. फार ग्राहकांनी बँकेत जाऊन व्यवहार नाकारला, तर कार्ड कंपनी खातंच बंद करते. म्हणून जो फारच आरडाओरडा करील त्याला पैसे देऊन गप्प करायचं आणि बाकीच्यांच्या जिवावर दुकान चालू ठेवायचं. खरेदीच्या पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापणाऱ्या प्रामाणिक दुकानदारांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा.

आपण भलत्यासलत्या साइटवर गेलोच नव्हतो, अशी शपथ हे इशारे पाहणारे लोक घेतात. घरचे त्यांच्याकडे संशयाने बघतात. पण शपथ खरीही असू शकते. सप्टेंबर २००९मधल्या एका शनिवार-रविवारी न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर बातम्या वाचणाऱ्यांपुढे खोट्या अँटिव्हायरसचा इशारा उभा राहिला. एका इंटरनेट फोन कंपनीच्या नावाने कुणी जाहिरात दिली होती, तीच ऐन सुट्टीत फिरली. पुढच्या वर्षी मिनिआपोलिसच्या स्टार ट्रिब्यून या वृत्तपत्राबरोबर तर साग्रसंगीत नाटक झालं. लाटव्हियातल्या जोडगोळीने जाहिरात संस्था असल्याचं सोंग घेतलं, आपण एका हॉटेल कंपनीचे प्रतिनिधी असल्याचं सांगितलं आणि जागा विकत घेतली. वृत्तपत्राच्या माणसांनी जाहिरात तपासली, ती निर्मळ होती. ती लागल्यावर मग पडद्यामागचा कोड बदलण्यात आला. वाचकाचा संगणक गोठायचा आणि तो सोडवण्याची किंमत होती ४९ डॉलर ९५ सेंट. बाटाच्या बुटांवर ९५ पैसे लावणाऱ्यांचं शहाणपण चोरांनाही ठाऊक होतं.

२०१०च्या आसपासचे हे खोटे रक्षक एकदा घरात घुसले, की बाहेर निघायला तयार नसत. त्यातल्या एका घराण्याला बहुरूप्याचं अंग होतं. विंडोज एक्सपी दिसली की नावापुढे ‘एक्सपी’ लावायचं, व्हिस्टा दिसली की ‘व्हिस्टा’, विंडोज सेव्हन दिसली की ‘विन सेव्हन’. गाव तसं आडनाव. टास्क मॅनेजर उघडायला गेलं की ‘हा प्रोग्रॅम दूषित आहे’. कॅलक्युलेटर उघडला की तोही दूषित. खरा सफाई करणारा प्रोग्रॅम उघडावा, तर त्याला दारातच अडवलं जायचं. तेव्हा जाणकारांनी शोधलेला उपाय अस्सल देशी वाटावा असा होता: सफाईच्या प्रोग्रॅमचं नाव बदलून ‘एक्सप्लोरर’ ठेवायचं. पहारेकरी नाव वाचून सोडायचा, आत शिरल्यावर पाहुणा त्यालाच उचलून बाहेर टाकायचा.

मोबाइल आल्यावर मेहनतही वाचली. एप्रिल २०१४मध्ये गूगल प्ले दुकानात ‘व्हायरस शील्ड’ नावाचं अ‍ॅप ३ डॉलर ९९ सेंटला विकलं जात होतं आणि नव्या विकाऊ अ‍ॅपच्या यादीत पहिल्या नंबरवर पोचलं होतं. दहा हजारांहून अधिक लोकांनी ते घेतलं, वर भरघोस तारेही दिले. ते करायचं काय? ढालीच्या चित्रावर बोट टेकवलं, की फुलीची बरोबरची खूण व्हायची. बस्स. आत बाकी काहीही नव्हतं. बॅटरी खात नाही, फोन मंदावत नाही ही त्याची जाहिरात मात्र शंभर टक्के खरी होती. गूगलने ते काढून टाकलं आणि पैसे परत केले.

पुढे २०१९मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तपासणी संस्थेने अँड्रॉइडवरची २५० सुरक्षा अ‍ॅप रांगेत उभी केली. त्यांपैकी केवळ ८० अ‍ॅपनी किमान ३० टक्के धोके ओळखले. बाकीच्यांपैकी अनेकांची पद्धत साधी होती: ओळखीच्या नावांची एक यादी ठेवायची आणि त्यात नसेल तो चोर. या नादात काही अ‍ॅप स्वतःचं नाव यादीत घालायला विसरली होती. त्यांनी इमानेइतबारे स्वतःलाच धोकादायक ठरवलं. अख्ख्या तपासणीतलं सर्वांत अचूक निदान कदाचित तेच असावं.

हे सगळे आडवाटेचे चोर, असं म्हणून पांढरपेशांनी सुटकेचा श्वास घेऊ नये. ‘ऑफिस डेपो’ ही अमेरिकेतली मोठी, नावाजलेली दुकानांची साखळी. तिथे ग्राहकाच्या संगणकाची फुकट प्रकृती-तपासणी व्हायची. तपासणीआधी कर्मचारी चार प्रश्न विचारायचा: संगणक हळू चालतो का, अचानक बंद पडतो का, जाहिराती उगवतात का, व्हायरसचे इशारे येतात का? यातल्या एकाला जरी हो म्हटलं, तरी तपासणीअंती मालवेअरची लक्षणं सापडल्याचा निकाल यायचा. मधल्या काळात सरकणारी पट्टी शोभेची होती. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती. आता, संगणक हळू चालत नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीतलावर कुठे सापडायचा? मार्च २०१९मध्ये ऑफिस डेपो आणि तिला हा प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

लोकांनी कार्ड नंबर टाकायला नकार द्यायला सुरुवात केली, तेव्हा धंद्याने माणूस पुढे केला. इशाऱ्याखाली फोन नंबर आला. इथे मान खाली घालून कबूल करावं लागतं, की त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला बऱ्याचदा आपलाच देश असतो. कोलकाता, नॉयडा, गुरुग्राम, अहमदाबाद इथल्या खोल्यांतून ‘जॉन’ आणि ‘डेव्हिड’ मध्यरात्री अमेरिकेतल्या आजी-आजोबांच्या संगणकाची काळजी वाहतात. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयने देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांतली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झालेली. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन चक्र-२’. त्यांतला आरोप हाच, की या कंपन्यांचे तंत्रज्ञ असल्याचं भासवून परदेशी ग्राहकांना लुटलं. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात असा फोन गेला आणि पलीकडून ‘भाऊ, तिकडं रात्रीचे किती वाजले?’ असं कुणी विचारलं, तर डेव्हिडचा फोन तत्काळ तुटतो.

या जॉन-डेव्हिडच्या पोतडीतले दोन खेळ बघण्यासारखे आहेत. पहिला ‘इव्हेंट व्ह्यूअर’चा. विंडोज आपल्या पोटातल्या बारीकसारीक कुरबुरींची रोजनिशी ठेवते. प्रिंटर बोलला नाही, अमकी सेवा उशिरा सुरू झाली, सगळं त्यात लिहिलं जातं. ठणठणीत संगणकातही तिथे लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण शेकड्यांनी असतात. ती यादी उघडायला लावली की गिऱ्हाईक घामाघूम.

दुसरा खेळ त्याहून खुमासदार. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘असोक’ ही आज्ञा द्यायला सांगतात आणि पडद्यावर ८८८डीसीए६०ने सुरू होणारा लांबलचक आकडा आला, की गंभीरपणे म्हणतात, ‘मी तुमच्या संगणकाचा गुप्त क्रमांक वाचतो, ताडून बघा.’ अक्षर न्‌ अक्षर जुळतं! म्हणजे हा खरोखर मायक्रोसॉफ्टचाच माणूस, अशी खात्री पटते. वास्तविक तो आकडा विंडोज असलेल्या सगळ्याच संगणकांत तोच असतो. हाताला पाच बोटं आहेत हे फोनवरून ओळखून दाखवण्याइतकीच ती विद्या आहे.

आपल्या उपखंडाचं या शास्त्राशी नातं मात्र जुनं, आणि सुरुवात बरीच सभ्य होती. पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती करणाऱ्यांना धडा शिकवावा, हा त्यांनी सांगितलेला हेतू. व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. फोन करा आणि लस घ्या. परदेशातून खरोखरच फोन खणखणू लागले, तेव्हा भाऊ चकित झाले. फोन नंबर देणारा व्हायरस पुन्हा बाजारात यायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर नंबरापलीकडचे लोक बदलले होते.

पुण्यातही दोन भावांनीच हे क्षेत्र गाजवलं, पण उलट्या बाजूने. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर रेडिओ आणि कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत तोच तो रोग दिसू लागला. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर औषध लिहिलं. ‘क्विक हील’ हे त्या औषधाचं नाव. कंपनी २०१६मध्ये शेअर बाजारात पोचली.

ही भरभराट होण्यात पेन ड्राइव्हचा वाटा मोठा. सायबर कॅफेत रिझ्युमेची प्रिंट काढायला गेलेला पेन ड्राइव्ह घरी परतताना ‘न्यू फोल्डर’ नावाचं पोर कडेवर घेऊन यायचा. दिसायला पिवळं फोल्डर, मुळात प्रोग्रॅम. उत्सुकतेपोटी त्यावर डबल क्लिक करणारा एक तरी मेंबर प्रत्येक ऑफिसात असायचा. पुढे सगळ्या फायलींचे शॉर्टकट होऊ लागले. यावर गल्लीतल्या संगणकवाल्याचं निदान ठरलेलं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ कीबोर्डवर चहा सांडला तरी फॉरमॅट, माउसची वायर उंदराने कुरतडली तरी फॉरमॅट. बारशापासूनचे फोटो त्यात जायचे, पण व्हायरसही जायचा हे मान्य केलं पाहिजे.

कधीकधी व्हायरसही लागत नाही, माणूस स्वतःच पुरतो. २००२च्या सुमारास एक ईमेल जगभर फिरला: संगणकात छोट्या अस्वलाचं चित्र असलेली फाइल शोधा, तो भयानक व्हायरस आहे, ताबडतोब उडवा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोधलं, तर खरंच अस्वल! उडवलं. कळवलंही. ती फाइल विंडोजनेच दिलेली होती आणि अस्वल हे तिचं अधिकृत चिन्ह. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॅमिली ग्रुप याच परंपरेचे पाईक आहेत.

खऱ्या रक्षकांचीही गफलत होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची, अत्यावश्यक अशी एक फाइल व्हायरस समजून जेरबंद केली आणि जगभरातले संगणक बंद-चालू, बंद-चालू करत बसले. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांची कामं अडली. याच कंपनीचे संस्थापक जॉन मॅकअ‍ॅफी, ज्यांनी ती केव्हाच सोडली होती, त्यांनी २०१३मध्ये मॅकअ‍ॅफी अँटिव्हायरस संगणकातून कसा काढावा, यावर एक चावट व्हिडिओ काढला. त्यात संगणकाला अखेर बंदुकीची गोळी खावी लागते.

गोळी घालण्याइतकी वेळ सहसा येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला, की तिथेच निकाल लागला. पडदाभर पसरलेलं पान हटत नसेल तर एस्केपचं बटण दाबून धरावं किंवा एफ-११ दाबावं, मग ऑल्ट आणि एफ-४. तरी हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा, आणि पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ या प्रेमळ प्रश्नाला ठाम नकार द्यावा. उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘व्हायरस सापडला’ अशी चिठ्ठी उगवत असेल, तर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं म्हणणाऱ्या कुठल्याशा साइटला परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली, की चिठ्ठ्या थांबतात. फॉरमॅट मारण्याची गरज नाही, हे गल्लीतल्या संगणकवाल्यालाही सांगावं.

खरोखरच शंका असेल तर विंडोज ८पासून संगणकात फुकट असलेला डिफेंडर आहे. त्याची ऑफलाइन तपासणी विंडोज सुरू होण्याआधीच झाडलोट करते. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही सफाईची साधनं मोफत मिळतात. आणि घरातल्या कुणी त्या नंबरवर फोन केलाच असेल, तर आधी त्यांना रागावू नये. इंटरनेट तोडावं, डेव्हिडने बसवायला लावलेलं, दुरून संगणक चालवू देणारं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर काढावं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलावेत, बँकेला कळवावं आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता येतात, त्यामुळे हा फोन त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात करावा.